किल्लीकाकांच्या हाताचा क्लेम

विमा कंपनीचे लोक फार सभ्य असतात, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तिथे कोणी आवाज चढवत नाही. कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. नकाराचं पत्र पाठवतात तेव्हासुद्धा खाली 'आपल्या उत्तम आरोग्यासाठी शुभेच्छा' असं आठवणीने छापतात. किल्लीकाकांच्या हाताचं जे काही झालं ते सगळं शुभेच्छांच्या वर्षावात झालं, त्यामुळे उगाच कोणाला नावं ठेवायला नकोत.

किल्लीकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव पोस्टमन सोडला तर कोणाला ठाऊक नव्हतं. बँक आणि औषधांचं दुकान यांच्यामध्ये जी चार पावलांची चिंचोळी जागा उरली होती, त्यात काकांचं दुकान. भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, टेबलाला घट्ट बसवलेली पकड, कानशींचा डबा, किल्ल्या कापायचं एक खरखरणारं यंत्र आणि गिऱ्हाइकासाठी एक खुर्ची, जिच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. चौतीस वर्षं काका तिथे कुलपं उघडत होते. उघडताना डोळे मिटून घ्यायचे. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत वाकडी तार धरायची, उरलेल्या दोन बोटांनी कुलपाचं पोट आवळून धरायचं आणि आत काय चाललंय ते हाताला विचारायचं. हात सांगायचा, कुलूप उघडायचं.

माणूस मात्र महाहट्टी. कुलूप कोणाचं, दार कोणाचं, हे पटल्याशिवाय काका तारेला हात लावत नसत. एकदा एक गृहस्थ स्वतःच्याच घराबाहेर अडकले आणि काकांना घेऊन गेले. आतून बायकोचा आवाज आला, "कोण आहे?" काकांनी दाराला तोंड लावून विचारलं, "वहिनी, हे तुमचेच का? उघडू का?" वहिनी भांडण करून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी ओळखत नाही." काका तार खिशात घालून परत आले. गृहस्थ पायरीवर बसले. असा हा माणूस, आणि त्याची गाठ पडली विमा कंपनीशी.

अपघात अगदी साधा होता. काका सकाळी दुकानाचं शटर वर ढकलत होते, उजवा हात शटरच्या चौकटीवर होता, आणि एक मालाची व्हॅन मागे घेता घेता फुटपाथवर चढली. व्हॅनचा मागचा पत्रा आणि लोखंडी चौकट यांच्यामध्ये काकांचा हात. ड्रायव्हरने खाली उतरून रक्त पाहिलं, "अरे बापरे" म्हणाला, आणि मदत आणायला म्हणून व्हॅन घेऊन गेला तो अजून मदत शोधतोय.

औषधांच्या दुकानदाराने टॉवेल गुंडाळून काकांना दवाखान्यात नेलं. जखम शिवली गेली. दहाव्या दिवशी हाताच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासलं आणि काकूंना समोर बसवून सांगितलं, "बोटं ओढून धरणाऱ्या ज्या दोऱ्या असतात ना आत, त्या तुटल्यात. जखम भरली की ऑपरेशन करून जोडायच्या. जितकं लवकर तितकं चांगलं. अपघातापासून नव्वद दिवस गेले की दोऱ्या आखडतात. मग जोडायला काही उरत नाही."

"म्हणजे बोटं मिटणारच नाहीत?" काकूंनी विचारलं.

"अंगठा आणि पहिलं बोट थोडंफार चालेल. बाकीची नाहीत."

तीन बोटं गेली म्हणजे कुलूप गेलं. कुलूप गेलं म्हणजे मग ते कोण होते, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. ऑपरेशनचा खर्च ऐकून काकू खुर्चीत जरा मागे सरकल्या आणि मग एकदम पुढे झाल्या. "अहो, आपली अपघाताची पॉलिसी आहे की! अकरा वर्षं हप्ता कापला जातोय बँकेतून!"

डॉक्टर म्हणाले, "मग झालं तर. कंपनीकडून मंजुरीचं पत्र आणा, मी दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला घेतो."

मग झालं तर! किती सोपं वाक्य. काकांनी घरी येऊन कंपनीला फोन लावला. आधी एका बाईने सांगितलं की तुमचा कॉल आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. तो इतका महत्त्वाचा होता की उचलायला कोणाची हिंमत होईना. पंचवीस मिनिटं बासरी वाजली. मग एक गोड आवाजाची मुलगी आली.

"सर, आपण ऑपरेशनबद्दल अठ्ठेचाळीस तास आधी कळवलंय का?"

"आता कळवतोय की."

"धन्यवाद सर. आणि अपघाताबद्दल?"

"त्याचं काय?"

"तो अठ्ठेचाळीस तास आधी कळवला होता का?"

काकांनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं. मग परत कानाला लावला. "ताई, व्हॅनवाल्याने मला आधी सांगितलं नव्हतं."

"समजलं सर. मी 'नाही' असं लिहिते."

तिने लिहिलं, आणि त्या 'नाही'पायी अकरा दिवस गेले. पुढे व्हॅनच्या ड्रायव्हरच्या परवान्याची झेरॉक्स मागितली गेली. काकूंनी उत्तर पाठवलं की ड्रायव्हर पळून गेला. कंपनीने कळवलं की हरकत नाही, तो परत आला की त्याच्याकडून घेऊन पाठवा. त्याच पत्रात अपघाताच्या वेळी काकांचा हात त्या चौकटीवर का होता, याचा लेखी खुलासा मागितला होता. काकूंनी लिहिलं, शटर उघडण्यासाठी. यावर विचारणा आली, की शटर उघडण्याचा दुसरा काही सुरक्षित मार्ग उपलब्ध होता काय? काकूंनी तो कागद वाचून दाखवला तेव्हा काका म्हणाले, "लिही, पायाने उघडता आलं असतं, पण पाय तेव्हा उभं राहण्याच्या कामात होते." काकूंनी ते लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक आकडा लिहायला सुरुवात केली होती. एक, दोन, तीन असा. चाळिसाव्या दिवशी कंपनीने कळवलं की प्रत्यक्ष तपासणीसाठी अधिकारी येतील.

साहेब आले ते चव्वेचाळिसाव्या दिवशी, दुकानात. पन्नाशीचा माणूस, गुळगुळीत टक्कल, इस्त्रीचा शर्ट, हातात काळी कडक बॅग. पुठ्ठ्याची घडी लावलेल्या खुर्चीवर बसले, खुर्ची डुलली, साहेब सावरले. काकांचा हात त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिला, चेहरा दुःखी केला आणि म्हणाले, "काका, तुमच्या जागी मी असतो तर रडलो असतो. काळजी करू नका. एक तपासणीचा फॉर्म भरला की माझं काम संपलं." असं म्हणून त्यांनी बॅग मांडीवर घेतली, आकड्यांचं कुलूप फिरवलं, आणि बॅग काही उघडेना. परत फिरवलं. बॅगेवर थाप मारली. मग ओशाळं हसले.

"हे असं होतं कधीकधी. फॉर्म आत आहे. ठीक आहे, पुढच्या फेरीला भरू."

"पुढची फेरी कधी?"

"या भागात? तीन आठवड्यांनी."

चव्वेचाळीस आणि एकवीस, पासष्ट. काकांनी मनातल्या मनात बेरीज केली. पण बेरीज हे काही एकच कारण नव्हतं, खोटं कशाला बोला. चौतीस वर्षांत त्या टेबलावरून एकही कुलूप बंदचं बंद परत गेलं नव्हतं, आणि हे तर तीन आकड्यांचं खेळणं होतं. काका बॅगेकडे बघत राहिले. काकू नेमक्या बाजूला बँकेत गेल्या होत्या. नाहीतर पुढचं काही घडलंच नसतं.

"बॅग तुमचीच ना?" काकांनी विचारलं.

"म्हणजे काय?"

"आत काय काय आहे ते सांगा आधी. विचारावं लागतं."

साहेबांचे कान लाल झाले. "फाइली आहेत. डबा आहे. कंगवा आहे."

काकांनी एकदा टकलाकडे पाहिलं, पण बोलले काही नाही. डाव्या हाताने बॅग पोटाशी दाबून धरली, उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट, जी काय हलत होती तेवढी, कुलपाच्या चाकावर टेकवली. कळ दंडापर्यंत गेली. कपाळावर घाम आला. डोळे मिटले. एक चाक, दुसरं चाक, आणि तिसऱ्याला टक् झालं. बॅग उघडली. आत खरंच फाइली होत्या, डबा होता आणि कंगवाही होता.

"वा वा, काका! काय हात आहे!" साहेब मनापासून म्हणाले, आणि त्यांनी फॉर्म काढून तेच मनापासून लिहिलं. पंधरा दिवसांनी पत्र आलं. 'अर्जदाराने तपासणी अधिकाऱ्यासमक्ष उजव्या हाताचा वापर करून साडेतीन मिनिटांत कुलूप उघडले. सबब अर्जदार आपला व्यवसाय करण्यास समर्थ असल्याचे दिसते. आपल्या उत्तम आरोग्यासाठी शुभेच्छा.'

काकूंनी पत्र वाचलं, घडी केली, टेबलावर ठेवलं आणि मग जो काय तोंडाचा पट्टा सुटला तो औषधांच्या दुकानदारालाही ऐकू गेला. "अहो, हात चालत नाही हे दाखवायचं होतं! चालतो हे नव्हे! जगात कोणी केलंय का असं? दात दुखतो म्हणून डॉक्टरकडे जायचं आणि तिथे सुपारी फोडून दाखवायची?"

"तीन आठवडे गेले असते गं," काका म्हणाले.

"आणि आता?"

भिंतीवर एकोणसाठ आकडा होता. अकरा दिवस आणखी गेले ते डॉक्टरांचं पत्र मिळवण्यात, की अंगठा आणि एक बोट म्हणजे हात नव्हे. ते पत्र कंपनीला पोचलं, तर कंपनीने विचारलं की डॉक्टरांनी हात बघितला तेव्हा किती बोटं होती. या सगळ्या काळात दुकान काकू चालवत होत्या. काका खुर्चीवर बसून सांगायचे, काकू यंत्रावर किल्ली कापायच्या. "अगं, हलक्या हाताने! लोखंड आहे ते, भेंडी नाही!" असं काका ओरडायचे आणि काकू म्हणायच्या, "मग तुम्ही या." रात्री झोपताना काका डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटायचे. सोडली की ती परत उघडायची. काकूंना ते दिसायचं, पण दिसतंय हे काकांना कळू नये म्हणून त्या पाठ करून झोपायच्या.

चौऱ्याऐंशीव्या दिवशी पत्र आलं. मंजुरीचंच होतं! सगळं मान्य, अपघात मान्य, जखम मान्य, ऑपरेशन मान्य. फक्त शेवटच्या ओळीत एक बारीकशी गोष्ट होती. क्लेमच्या फॉर्मवरची सही मूळ अर्जावरच्या सहीशी जुळत नव्हती. तरी अर्जदाराने कार्यालयात समक्ष येऊन मूळ सहीप्रमाणे सही करावी, म्हणजे मंजुरी देता येईल.

"डाव्या हाताने केलेली सही कशी जुळेल?" काका म्हणाले. "ज्या हाताने सही करायची तो हात दुरुस्त करायला सही हवी. आणि सही यायला हात दुरुस्त हवा. अरे, हे कुलूप आहे की काय आहे?"

काकू काही बोलल्या नाहीत. ही गोष्ट काकांनी तेव्हाच लक्षात घ्यायला हवी होती, कारण काकू काही न बोलणं हे घरात वर्षातून एखाद वेळेलाच घडायचं.

शहाऐंशीव्या दिवशी दोघं कंपनीच्या ऑफिसात गेले. टोकन घेतलं, बाकावर बसले, भिंतीवरच्या चित्रात एक कुटुंब छत्रीखाली उभं राहून हसत होतं ते दोन तास पाहिलं. मग नंबर आला. काचेच्या केबिनमध्ये तेच साहेब.

"या काका, या काकू! बसा. काही नाही हो, दोन मिनिटांचं काम." त्यांनी एका जुन्या फाइलमधून पिवळट पडलेला अर्ज काढला आणि काकांपुढे ठेवला. "ही तुमची मूळ सही. अगदी अशी इथे एकदा करा, की मी शिक्का मारतो."

काकांनी अर्जाकडे पाहिलं. सही सुंदर होती. गोल, टपोरी अक्षरं, खाली एक सरळ रेघ. ती काकांची नव्हती. काकांची सही म्हणजे दोन वाकडे फराटे आणि एक टिंब. हे टपोरं अक्षर ते चौतीस वर्षं वाणसामानाच्या यादीवर बघत आले होते. त्यांनी मान वळवून काकूंकडे पाहिलं. काकू पंख्याकडे बघत होत्या.

"करा ना काका," साहेब म्हणाले.

"त्यांना पेन धरता येत नाही," काकू एकदम म्हणाल्या. "मी नुसता आधार देते हाताला. चालेल?"

साहेबांनी मोठ्या मनाने मान डोलावली. "आधार द्यायला आमची हरकत नसते."

काकूंनी काकांच्या बोटांत पेन खोवलं, वरून आपला हात घट्ट धरला, आणि काकांना काही कळायच्या आत कागदावर गोल, टपोरी सही उमटली. खाली सरळ रेघही आली. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. "व्वा! हुबेहूब!" त्यांनी शिक्का उचलला. काकूंनी श्वास सोडला. आणि शिक्का हवेतच थांबला.

"पण काका," साहेब हळूच म्हणाले, "इतकी सुरेख सही जर तुम्ही उजव्या हाताने करू शकता, तर मग ऑपरेशनची... म्हणजे मी माणूस म्हणून बोलतोय हं, पण कंपनीला प्रश्न पडणारच. आपण असं करू, पुन्हा एक तपासणी लावू. महिन्याभरात होऊन जाईल."

महिना. उरले होते चार दिवस. काकांच्या डोक्यात सणक गेली. ते उभे राहिले आणि खुर्ची मागे भिंतीवर आदळली.

"ही सही माझी नाही!" ते ओरडले. बाहेरच्या बाकावरची माणसं काचेतून बघायला लागली. "ही हिने केली! आत्ताची पण आणि अकरा वर्षांपूर्वीची पण हिनेच! मला सही येत नाही, पेन धरता येत नाही, हात मेलाय माझा! लिहा! लिहा काय लिहायचं ते!"

काकूंनी डोळे मिटून घेतले. साहेबांच्या चेहऱ्यावर मात्र एक वेगळंच समाधान पसरलं. शिक्का त्यांनी खाली ठेवला. "म्हणजे मूळ अर्जच खोट्या सहीचा? काका, मग पॉलिसी पहिल्या दिवसापासूनच रद्द. तुम्हीच सांगितलंत, मी विचारलं नव्हतं." त्यांनी पेन काढलं. फाइल बंद व्हायला आता एक ओळ पुरली असती.

पण काका त्यांच्याकडे बघत नव्हते. ते वाकून त्या पिवळ्या अर्जाकडे बघत होते. दोन किल्ल्या एकाच कुलपाच्या आहेत की नाहीत हे बघायला काका त्या एकावर एक धरायचे आणि उजेडासमोर न्यायचे, ती खोड हाडात मुरलेली. टपोऱ्या सहीच्या खाली बारीक अक्षरात छापलं होतं, 'अर्जदाराने माझ्यासमोर सही केली', आणि त्याखाली साक्षीदाराची सही. पहिलं अक्षर फुगलेलं, शेवटच्या अक्षराला वर वळलेली लांब शेपटी. काकांनी डाव्या हाताने खिशातून चौऱ्याऐंशीव्या दिवसाचं, खाली साहेबांची सही असलेलं पत्र काढलं. ते अर्जावर ठेवलं, दोन्ही कागद उचलले आणि खिडकीसमोर धरले. शेपटीवर शेपटी बरोब्बर बसली.

"साहेब," काका म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज अगदी दुकानातला होता, "ही कोणाची?"

साहेबांनी पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत पाहिलं.

"अगंबाई!" काकू खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "बँकेबाहेर टेबल टाकून बसलेला तो मुलगा! अहो, तुम्हीच की! तेव्हा चांगले कुरळे केस होते तुम्हाला! मी म्हटलं होतं, सहीला ह्यांना दुकानातून बोलावते, शेजारीच आहेत. तर तुम्हीच म्हणालात, राहू द्या हो काकू, घरातलंच माणूस आहे, करून टाका, मला आज वीस फॉर्म पुरे करायचेत."

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि पुरा रिकामा केला. कोणत्याही कंपनीत खोटी सही हा गुन्हा असतोच, पण ती खरी असल्याची लेखी साक्ष देणारा नोकरीत असला तर तो जास्त मोठा गुन्हा होतो. हे साहेबांना कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

"हे बघा," ते शेवटी म्हणाले, "माणुसकी नावाची पण काही गोष्ट असते. कंपनी म्हणजे काही दगड नाही. काका आत्ता रागाच्या भरात काहीतरी बोलले. मी ते ऐकलं नाही. सही जुळलेली आहे." आणि धाडकन शिक्का मारला. शहाऐंशी दिवसांत न सापडलेली माणुसकी शहाऐंशी सेकंदांत सापडली, यालाच कार्यक्षमता म्हणत असावेत.

काका तोंड उघडणार होते. काकूंनी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय ठेवला आणि सगळा भार दिला. काका गप्प बसले. परतताना बसमध्ये मात्र त्यांना राहवलं नाही. "मी आयुष्यात कधी खोटी किल्ली बनवली नाही. आणि आज हे."

"अकरा वर्षं हप्ते कापले गेले ते खरे होते ना?" काकू म्हणाल्या. "हात मोडला तो खरा आहे ना? मग गप्प बसा."

काकांना तरी बरं वाटलं नाही.

एकोणनव्वदाव्या दिवशी ऑपरेशन झालं. कंपनीच्या हिशेबाने हे प्रकरण मुदतीत निकाली निघालं आणि तसं त्यांनी कळवलंही. हाताच्या डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी पट्टी काढली आणि म्हणाले, "मूठ वळा बघू."

काकांनी वळली. अंगठा आला. पहिलं बोट आलं, मधलं बोट थरथरत आलं. पुढची दोन बोटं अर्ध्या वाटेत येऊन थांबली. काकांनी दात आवळले, मान ताठ केली, दंड थरथरला. बोटं तिथेच राहिली.

"महिनाभर आधी आला असतात," डॉक्टर म्हणाले, "तर ही दोन पण आली असती." मग काकूंकडे पाहून त्यांना वाटलं की हे बोलायला नको होतं.

काकांना रडू आलं. तिथेच, सगळ्यांसमोर. काकूंनी त्यांना थांबवलं नाही, त्या स्वतःच रडत होत्या.

तीन बोटं म्हणजे तीन बोटं, हेही काही थोडं नव्हे. काका पुन्हा किल्ल्या कापायला लागले. कुलूप उघडायचं असलं की काका तार धरतात आणि कुलपाचं पोट काकू आवळून धरतात. लोक चौकशी करतात, काका सांगतात, "बरंय." काय सांगणार?

मग एक दिवस कंपनीचा शेवटचा लिफाफा आला. प्रकरण कायमचं बंद करण्यासाठी एक छापील कागद होता. 'माझ्या उजव्या हाताचा संपूर्ण वापर मला परत मिळाला असून कंपनीच्या सेवेबद्दल मी समाधानी आहे.' खाली सहीची जागा. एवढा पाठवला की आजवर बुडालेल्या दिवसांची भरपाई मिळायची होती. काकांनी वाचायच्या आधीच, पेन धरता येतंय या आनंदात, तीन बोटांनी आपली स्वतःची सही ठोकली. दोन वाकडे फराटे आणि एक टिंब. अकरा वर्षांत त्या कंपनीकडे गेलेली ही त्यांच्या उजव्या हाताची पहिली खरी सही. आठव्या दिवशी कागद परत आला. सही जुळत नाही, कृपया मूळ सहीप्रमाणे करून पाठवावे.

काकूंनी चष्मा लावला, खुर्ची ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.

"थांब," काका म्हणाले. त्यांनी या वेळी कागद वाचला. सगळा वाचला, पहिल्या शब्दापासून.

"अहो, भरपाई अडकेल," काकू म्हणाल्या. "एक सहीच तर आहे."

"हात पूर्ण बरा झाला असं लिहिलंय इथे. ते खोटं. खाली तुझी सही, ती पण खोटी. एका कागदावर काहीतरी एक खरं असू दे गं."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं. काकांनी कागद पकडीत धरतात तसा डाव्या कोपराखाली दाबला. छापील ओळीवर आडवी रेघ मारली, आणि खालच्या रिकाम्या जागेत लिहायला लागले. अक्षरं कधी मोठी झाली, कधी कागदाबाहेर जायला निघाली. मध्ये दोनदा थांबून बोटं झटकावी लागली. दुकानात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, त्याला काकूंनी खुणेने थांबवलं. पाऊण तास लागला. मग काकांनी तो कागद स्वतः पाकिटात घातला, स्वतः चिकटवला आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले. कागदावर एवढंच लिहिलं होतं: 'दोन बोटं मिटत नाहीत. हे मी माझ्या हाताने लिहिलं आहे.'